साडभाऊ आणि सुळेवाली भुतं

भुतांवर इतकं जिवापाड प्रेम करणारा आणि भुतांवर काडीचाही विश्वास नसलेला माणूस उभ्या नागपुरात आमच्या साडभाऊंखेरीज दुसरा झाला नाही. झाला असेल तर त्यानं माझ्यासमोर यावं, मी त्याची उलटतपासणी घेतो. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तिकडे पुण्याकडे या नात्याला नुसतं साडू म्हणतात. आमच्याकडे त्याला भाऊ जोडतात, आणि माझ्या बाबतीत तो जोडलेला भाऊच जास्त खरा ठरला. छप्पन साली त्यांच्या घरानं दीक्षा घेतली, तेव्हा त्यांनी घरातले गंडे, ताईत, कोनाड्यातलं शेंदूर फासलेलं कसलंसं दैवत आणि परसातल्या पिंपळावरचा मुंजा, असं सगळं एका सकाळी घराबाहेर काढलं. मुंजा मुळात पिंपळावर होता की नव्हता हा प्रश्न वेगळा. पण साडभाऊंनी झाडाखाली उभं राहून त्याला मोठ्यानं "उद्यापासून तू नाहीस" असं सांगितलं होतं, हे त्यांच्या गल्लीतले जुने लोक अजून सांगतात. "भूत नाही, प्रेत नाही, पिशाच नाही, सारा मनाचा खेळ होये," असं ते कुणालाही बजावत आणि त्याच दमात मला म्हणत, "येत्या रविवारी साडेनऊले तयार राहजो गा. नवीन पिशाच लागून राहिलं टॉकीजले. दात चांगले आहेत म्हणते."

दात हा त्यांचा धंदाच होता. सदरमध्ये एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचं दुकान होतं. ते दातांचे डॉक्टर नव्हते. डॉक्टर लोक दात उपटायचे आणि रिकामं तोंड साडभाऊंकडे पाठवायचे. मग साडभाऊ त्या तोंडाचं माप घेऊन कवळी करून द्यायचे. माप घेताना तोंडात मसाला भरलेली पत्र्याची वाटी बसवतात आणि तो मसाला घट्ट होईपर्यंत चार-पाच मिनिटं समोरच्याला हूं की चूं करता येत नाही. एवढा आदर्श श्रोता जगात दुसऱ्या कुठल्याही वक्त्याला मिळाला नसेल. वाटी एकदा टाळूला टेकली की साडभाऊ हात पुसत स्टुलावर बसत आणि गेल्या रविवारच्या पिशाचाबद्दल बोलायला सुरुवात करत. एकदा एक निवृत्त मुख्याध्यापक माप द्यायला आले होते. साडभाऊंनी त्यांना सांगितलं की जुन्या पिशाचाला वक्तृत्व होतं, नव्याला नुसता घसा आहे. मुख्याध्यापकांना हे पटलं नाही. त्यांना मुळात भुताचे सिनेमेच पटत नव्हते आणि ते त्यांनी वाटीसकट सांगायचा प्रयत्न केला. माप बिघडलं. दुसऱ्यांदा घेतलं, पुन्हा तोच विषय निघाला, पुन्हा बिघडलं. तिसऱ्या वेळी साडभाऊ म्हणाले, "गुरुजी, माह्यं म्हणणं मान्य करा, नाही त दात नाही भेटत." गुरुजींनी मान हलवली आणि त्या दिवसापासून ते जुन्या पिशाचाच्या बाजूचे झाले.

इंग्रजी भुतांचे सिनेमे त्या काळी सदरच्या एका टॉकीजमध्ये रविवारी सकाळी लागत. रविवारची सकाळ, बाहेर लख्ख ऊन, माणसं मटणाच्या दुकानापुढे रांग लावून उभी, आणि आम्ही दोघं आत काळोखात बसून कुठल्याशा डोंगरी किल्ल्यातल्या शवपेटीचं झाकण उघडण्याची वाट पाहतोय, असा तो प्रकार. मी भित्रा माणूस आहे हे इथंच कबूल करतो. निम्मे सिनेमे मी बुटांच्या नाड्या बांधत पाहिले. साडभाऊ मात्र नेहमी पुढून तिसऱ्या रांगेत बसत, कारण तिथून सुळे नीट दिसतात. शेजारची बाई किंचाळली की ते तिच्याकडे वळून, चौकशीला आल्यासारखे विचारत, "कायले भेलात बाई, दातांले का आवाजाले?" बायका जागा बदलून जात. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असे, हे त्या बिचाऱ्यांना कसं कळावं?

त्यांचं शास्त्र पक्कं होतं. काळ्या-पांढऱ्या काळातलं पिशाच म्हणजे त्यांच्या मते खानदानी काम. कोट इस्त्रीचा, केस चापून बसवलेले, चालणं सावकाश. दारात उभं राहून वाकून नमस्कार करतं. तासभर दात दाखवत नाही. "अन् तरी मागचा माणूस फुटाणे खायचा थांबते," साडभाऊ बोट उगारून सांगत. "याले म्हणते कारागिरी." नंतर रंगीत पिशाचं आली. त्यांचे डोळे लाल, रक्त गुलाबाच्या सरबताच्या रंगाचं, आणि दात पहिल्या पाच मिनिटांत बाहेर. ही मधली पिढी साडभाऊंनी खळखळ करत का होईना पास केली. पण पुढे आपल्याकडची हवेलीतली केसाळ भुतं सुरू झाली तेव्हा त्यांचा तोल गेला. "हे भूत होये का अस्वल? चष्म्याच्या दुकानातले डोळे, मिठाईच्या साच्यातले दात. याले कोणी एक शब्द बोलाले सांगा. नुसतं गुरगुरून राहिलं." पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या माणसाबद्दल त्यांची तक्रार वेगळीच होती. दुधाचा दात पडून नवा यायला महिनोन्महिने लागतात, मग याला एका चंद्रात बत्तीस कसे फुटतात? मुडद्यांचे तुकडे शिवून केलेल्या त्या मोठ्या राक्षसावर मात्र त्यांची माया होती. तो पडद्यावर आला की ते हळहळत. "हिरड्या एकाच्या, दात दुसऱ्याचे. बिचाऱ्याले बोलता नाही येत, ते त्याच्यामुळंच. डॉक्टरनं माप घेतलं नाही."

इंग्रजी पिशाचासमोर क्रूस धरला की ते तोंड झाकून पळतं आणि हिंदी पिशाचासमोर त्रिशूळ. यातून साडभाऊंना एक व्यावहारिक प्रश्न पडला होता आणि तो त्यांनी मला एका मध्यंतरात चहा पिताना गंभीरपणे विचारला. "आपल्या घरी आलं त काय दाखवाचं गा? आपल्याकडे ना हे, ना ते." मी थट्टेनं म्हटलं, पंचशील म्हणून दाखवावं. मी बोलून विसरलो. त्यांनी आठ दिवस विचार केला. पुढच्या रविवारी तिकिटाच्या खिडकीपाशीच मला धरून म्हणाले, "तुह्यं बरोबर होतं. दुसरं शील काय सांगते? न दिलेलं घ्याचं नाही. आता रक्त का कोणी आपल्या हातानं देते? म्हणजे पिशाच तिथंच पकडल्या जाते. पण जुनं पिशाच पाह्य, आत याले भी इचारते. बोलावल्याशिवाय उंबरठा नाही ओलांडत. म्हणजे अर्धं शील त त्याले येते ना! नव्याले अर्धं भी नाही येत. ते खिडकी फोडून येते." त्यानंतर त्यांनी जुन्या पिशाचांचा उल्लेख नेहमी 'आपल्यातलेच' असा केला.

आता हे सगळं वाचून कुणाला वाटेल की मोठा रिकामटेकडा माणूस असावा. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटत होतं. पण या सगळ्या दातांच्या वेडामागे एक तोंड होतं, आणि ते आमच्या ताईंचं. ताई म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेव्हणी. हिरड्यांच्या दुखण्यानं चाळिशीच्या आतच त्यांचे सगळे दात गेले. माझ्या लग्नाची तारीख तोंडावर होती आणि धाकट्या बहिणीच्या लग्नात मोठीनं बोळक्या तोंडानं मिरवायचं कसं, म्हणून साडभाऊंनी घाईघाईनं, रात्रीचा दिवस करून त्यांची कवळी केली. ती फार सुरेख दिसत होती. जेवणाच्या पंगतीत बायकांनी ताईंना नाव घ्यायचा आग्रह केला. ताईंचा उखाण्यात हात धरणारं कुणी नव्हतं, स्वतः जुळवायच्या. पहिली ओळ झोकात गेली. दुसऱ्या ओळीच्या शेवटी साडभाऊंचं नाव, आणि त्या नावाची सुरुवात दोन ओठ एकमेकांवर आपटणाऱ्या अक्षरानं होते. ताई ते अक्षर म्हणायला गेल्या आणि वरची कवळी सुटून समोरच्या ताटात, बुंदीच्या लाडवाशेजारी पडली.

सगळा मांडव हसला. मुंडावळ्या बांधलेला मीही हसलो. ते हसू मी पुढे पुष्कळदा आठवलं आहे आणि दर वेळी मला माझी लाज वाटली आहे. ताईंनी कवळी हातरुमालात गुंडाळली, घरी जाऊन ट्रंकेत टाकली आणि त्यानंतर बारा वर्षं दात लावले नाहीत. भाकर वरणात भिजवून खायच्या. कुणी आलं की पदर तोंडाशी. लग्नाकार्याला जाणं बंद, उखाणे बंद, आणि हसणं पदराआड, अगदी थोडं. अर्ध्या नागपुराला चावायला लावणाऱ्या माणसाच्या घरात हे चाललं होतं. साडभाऊ दर सहा महिन्यांनी म्हणायचे, "एक डाव माप देऊन पाह्य वं. फक्त माप." ताई म्हणायच्या, "एक डाव झालं तेवढं बस झालं." चिडून नाही, अगदी शांतपणे म्हणायच्या, आणि तेच साडभाऊंना जास्त लागायचं. तोंडच उघडलं नाही तर माप कसं घेणार?

त्यांनी मला हे एकदाच बोलून दाखवलं. एक फार जुना सिनेमा पाहून आम्ही बाहेर पडलो होतो आणि मी कुरकुरत होतो की त्यात भुतानं नुसतीच भाषणं केली. साडभाऊ रस्त्यात थांबले. "तुले भाषण दिसलं. मले काय दिसलं सांगू? त्या नटाच्या तोंडात परके दात आहेत अन् तो बोलून राहिला. मोठमोठी वाक्यं. प म्हणते, फ म्हणते, ब म्हणते, अन् दात जागचे हालत नाही. कोणीतरी बसवले ना गा ते! कसे बसवले? ते पाहाले येतो मी. गुरगुरणाऱ्याचे दात त कोणालेही बसवता येतात." जुनी पिशाचं चांगली आणि नवी वाईट, हा त्यांचा वाद मला त्या दिवशी समजला, आणि नंतर मी बुटांच्या नाड्या बांधणं पुष्कळ कमी केलं.

अशात उमरेडकडचा एक कोळशाचा कंत्राटदार त्यांच्याकडे कवळी करायला आला. वाटी तोंडात गेली, साडभाऊ स्टुलावर बसले, व्याख्यान सुरू झालं. पाच मिनिटांनी वाटी बाहेर निघाल्यावर कंत्राटदार पहिलं वाक्य बोलला, "मी पिच्चर काढून राहिलो. भुताचा. मराठीत. सुळे तुम्हीच करा." साडभाऊंना आधी खरंच वाटेना. मग ते जिना उतरून खाली छापखान्यात गेले, तिथल्या माणसांना ही बातमी सांगितली आणि पुन्हा वर येऊन "हो" म्हणाले.

त्यांचं आणि कंत्राटदाराचं पहिल्याच बैठकीत वाजलं. कंत्राटदाराला सुळे हनुवटीपर्यंत हवे होते. साडभाऊ म्हणाले, "ओठ मिटला पाहिजे. ओठ मिटत नाही ते भूत नाही, हत्ती होये." शेवटी अर्ध्या बोटावर तडजोड झाली. भुताचं काम उमरेडच्या बसवरच्या एका कंडक्टरला मिळालं होतं. सहा फूट उंच, आवाज भरदार, स्वभावानं गाय. साडभाऊंनी त्याचं माप तीनदा घेतलं, मेणावर त्याच्या चाव्याचा ठसा घेऊन सुळे दहा वेळा घासले आणि ते बसवून दिल्यावर त्याला हुकूम केला, "आठ दिवस तोंडातून काढाचे नाही. सवय झाली पाहिजे." तो बिचारा ते सुळे लावून आठ दिवस नोकरीवर गेला. "पुढं सरका बाप्पा, पुढं! फाटकात भीड नका करू!" असं भरल्या गाडीत ओरडला. त्या आठ दिवसांत त्याच्याशी कुणी भांडलं नाही, गाडीत कुणी बिडी पेटवली नाही. नववा दिवस उजाडला तेव्हा त्यानं साडभाऊंना सांगितलं की एका म्हातारीनं तेवढं त्याला 'लेकरा, बरा आहेस ना?' असं विचारलं. साडभाऊंनी त्याला एकच प्रश्न केला, "बोलताना हालले काय?" तो म्हणाला, "नाही जी, बिलकुल नाही." त्या दिवशी ते मला मुद्दाम ऑफिसात भेटायला आले आणि साहेबांसमोर मला मिठी मारली.

खरी लढाई पुढेच होती. भुतानं सबंध सिनेमाभर फक्त गुरगुरायचं, असं कंत्राटदाराचं ठरलं होतं. साडभाऊंना भुताच्या तोंडी एक वाक्य हवं होतं. एकच, पण त्यांनी स्वतः बांधलेलं. एकटी बाई घरात आहे, भर दुपार, दार वाजतं, ती उघडते, समोर भूत उभं आहे, आणि ते म्हणतं: "भिऊ नका, बाई. फक्त पेलाभर पाणी पाहिजे." कंत्राटदारानं कपाळावर हात मारला. "अहो, भूत पाणी कायले मागन?" साडभाऊ म्हणाले, "आधी पाणी मागन, मंग रक्त. ओळख झाल्याशिवाय का कोणी कोणाच्या गळ्याले हात लावते?" हे नुसतं सांगायचं कारण होतं. त्या वाक्यात भ होता, ब होता, फ होता आणि प तर तीन ठिकाणी होता. ते मला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं. कंत्राटदाराला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. साडभाऊ हट्टाला पेटले. वाक्य नसेल तर सुळे परत, इथपर्यंत आलं. कंत्राटदाराची स्वतःची कवळी अजून व्हायची होती, त्यामुळे त्यानं मानलं.

सिनेमा मे महिन्यात लागला. पहिल्या दिवशी बाराच्या खेळाला आम्ही सगळे गेलो. ताई येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. साडभाऊंनी त्यांना विचारलंही नव्हतं, विचारायचं धाडस झालं नव्हतं. पण आम्ही निघालो तेव्हा ताई लुगडं बदलून दारात उभ्या. "अंधारात कोण पाहते," एवढंच म्हणाल्या. टॉकीजच्या कूलरच्या जाळ्या कोरड्या पडल्या होत्या, ते नुसती गरम हवा फेकत होते, आणि खालच्या वर्गात लोक सदऱ्याची बटणं काढून बसले होते. नामावलीत शेवटी, पेटीवाल्याच्या नंतर, 'सुळे' असं लिहून साडभाऊंचं नाव आलं. त्यांनी माझा हात दाबला.

सिनेमा होता तसाच होता. कंत्राटदारानं हवेली दाखवली, धूर सोडला, एक मांजर तीनदा दाखवलं. मध्यंतरानंतर तो प्रसंग आला. बाई घरात एकटी. दार वाजलं. तिनं उघडलं. समोर आमचा कंडक्टर, काळा डगला घालून, सहा फूट. मिटलेला ओठ हळूहळू उघडला, सुळे दिसले, आणि मी शपथेवर सांगतो, खालच्या वर्गातली चुळबुळ थांबली. कंडक्टर भरदार आवाजात, एकेक अक्षर स्वच्छ उच्चारत म्हणाला, "भिऊ नका, बाई. फक्त पेलाभर पाणी पाहिजे."

मग पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "पाज ना वं बाई! नागपूरचा उन्हाळा आहे, भूत झालं म्हणून काय झालं!" दुसरा म्हणाला, "माठातलं देजो!" तिसऱ्यानं त्याला गुळाचा खडाही द्यायला सांगितलं. आणि सबंध टॉकीज असं हसत सुटलं की पुढची पाच मिनिटं पडद्यावर बाईचा गळा धरल्याचं कुणाला ऐकूही आलं नाही. भूत गळ्याशी वाकलं तरी लोक "आधी पाणी, आधी पाणी" म्हणून ओरडत होते. लोक पोट धरून हसत होते, शेजारी माझी बायको हसत होती, आणि खोटं कशाला सांगू, मलाही आवरत नव्हतं. साडभाऊंनी मान खाली घातली होती. आयुष्यभर त्यांनी भुतांना हसणाऱ्या लोकांवर राग धरला, आणि आता त्यांच्याच भुतावर, त्यांच्याच वाक्यावर सगळं नागपूर हसत होतं. मी काहीतरी बोलावं म्हणून त्यांच्याकडे वाकलो, तेव्हा पलीकडून ताईंचा आवाज आला. त्या हसत नव्हत्या. पदर मांडीवर पडला होता आणि त्या पडद्याकडे टक लावून पाहत होत्या.

"पेलाभर म्हटलं त्यानं," ताई म्हणाल्या. "हालले नाही."

साडभाऊंनी मान वर केली.

"पाहिजे भी म्हटलं. तरी नाही हालले." मग पडद्यावरची नजर न काढता, त्या म्हणाल्या, "मले करून द्या तसे. सुळे तेवढे बारीक ठेवजा."

दुसऱ्या दिवशी ताई सदरच्या दुकानाचा जिना बारा वर्षांत पहिल्यांदा चढल्या. मी सोबत होतो, म्हणून सांगू शकतो. साडभाऊंनी वाटी हातात घेतली, ताईंनी तोंड उघडलं, वाटी टाळूला टेकली, आणि त्या दुकानाच्या इतिहासात प्रथमच पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. खाली छापखाना चालला होता. साडभाऊ ताईंच्या हनुवटीखाली हात धरून उभे होते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. वाटी काढल्यावर त्यांनी ते माप उजेडात नेऊन इतका वेळ पाहिलं की ताईंना विचारावं लागलं, "बिघडलं काय जी?" ते म्हणाले, "नाही."

ते दात त्यांनी पंधरा दिवस घेऊन केले आणि ते उत्तम बसले. कंत्राटदाराचा सिनेमा आठवड्यात उतरला. पण उतरेपर्यंत लोक तो 'पाणीवाला पिच्चर' म्हणून पाहून आले आणि कंडक्टरला प्रवासी बसमध्ये चढताना पाणी विचारू लागले. साडभाऊंनी हे सगळं मनावर घेतलं नाही. नंतर घरोघर व्हिडिओ आला, तेव्हा ते भाड्यानं कॅसेट आणून दुपारी ताईंना नवी भुतं दाखवू लागले. ताई शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा खायच्या आणि ऐन भीतीच्या जागी त्या शेंगांचा कडाड कडाड आवाज व्हायचा. साडभाऊ वैतागून म्हणायचे, "तुह्या दातांपुढं भुताचं काय चालते वं!" आणि पुढची शेंग स्वतः निवडून त्यांच्या हातात द्यायचे.

साडभाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी हल्लीची भुतं पाहत नाही. शेजारच्या खुर्चीवर सुळे मोजणारं कुणी नसलं की मला ती नुसती भीतीच वाटते, आणि भीती मला आवडत नाही. ताई सत्तरी ओलांडून गेल्या. वयानं हिरड्या झिजल्या, आणि ते दात आता बोलताना खाली येतात. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, त्यांना एका नव्या दवाखान्यात घेऊन गेली होती, तिथं वर-खाली होणारी खुर्ची आहे. डॉक्टर म्हणाला, आजी, आठवड्यात नवी कवळी देतो. ताईंनी त्याला तोंडात हात घालू दिला नाही. "त्यायच्या हातचे आहेत," एवढंच सांगून त्या खुर्चीवरून उतरल्या.

गेल्या महिन्यात मी भेटायला गेलो होतो. बोलता बोलता ताई साडभाऊंचं नाव घ्यायला गेल्या, तशी वरची कवळी सटकून जिभेवर आली. त्यांनी अंगठ्यानं ती पुन्हा टाळूला लावली. माझ्या मनात नको ते आलं आणि ते मी बोलूनही गेलो. "ताई, चारचौघांत असं झालं तर लोक हसतील."

"हसू द्या जी," ताई म्हणाल्या, आणि अंगठ्यानं दात वर धरून ते नाव त्यांनी पूर्ण केलं.